ईसीजीवरची माणसाची नजर काढून घेऊ नका : रुग्णालय व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, व्यवस्थापन मंडळ,
तसेच मा. वैद्यकीय अधीक्षक यांस

विषय : ईसीजीसंबंधीचे नवे परिपत्रक मागे घेण्याबाबत.

महोदय,

ईसीजी विभागाच्या ‘सुसूत्रीकरणा’साठी आपण काढलेले परिपत्रक आता सर्व वॉर्डांत लागू झाले आहे. ते हाती पडताच विभागातील आम्ही काही जणांनी लेखी हरकत नोंदवली होती. तिची पोच मिळाली, उत्तर मात्र अद्याप मिळालेले नाही. रुग्णालयाच्या आतला प्रश्न आतच सुटावा असे मलाही वाटत होते. पण हा विषय केवळ कर्मचारी आणि व्यवस्थापन यांच्यापुरता राहिलेला नाही. ज्यांच्या छातीवर हे इलेक्ट्रोड लागणार आहेत आणि त्यातून निघालेल्या कागदावर ज्यांची औषधे ठरणार आहेत, त्यांनाही काय बदलले आहे ते कळले पाहिजे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

परिपत्रकाचा आशय असा आहे. ईसीजी काढण्यासाठी यापुढे प्रशिक्षित तंत्रज्ञाची वाट पाहू नये. एकदा प्रात्यक्षिक पाहिलेला कोणताही उपलब्ध कर्मचारी तो काढील. यंत्राने ‘नॉर्मल’ असा निष्कर्ष छापला असेल, तर डॉक्टरांनी तो स्वतंत्रपणे पाहून सही करण्याची गरज नाही. पट्टी सुबक दिसावी म्हणून फिल्टर, म्हणजे आलेखातली बारीक थरथर पुसणारी यंत्रातली सोय, कायम चालू ठेवावा, आणि कागदाची बचत व्हावी म्हणून खालची लांब लयपट्टी, म्हणजे ठोक्यांचा दहा सेकंदांचा सलग आलेख, छापू नये. शेवटचे कलम मला सर्वांत जास्त खटकले : पुन्हा काढलेला प्रत्येक ईसीजी ‘अपव्यय’ म्हणून संबंधित कर्मचाऱ्याच्या नावावर नोंदवला जाईल.

मी ईसीजी तंत्रज्ञ आहे आणि माझे सगळे कामाचे आयुष्य याच पट्ट्यांत गेले आहे. निदान करणे हे माझे काम नाही आणि तो अधिकार मी कधी स्वतःकडे घेतलेलाही नाही. परंतु डॉक्टरांच्या हातात पडणारा कागद विश्वास ठेवण्याजोगा आहे की नाही, हे सांगण्याची जबाबदारी माझी आहे. आपल्या परिपत्रकाने नेमकी तीच जबाबदारी कोणाकडेच ठेवलेली नाही. ईसीजी काढणे हे हमालीचे काम आणि वाचणे हे यंत्राचे काम, अशी वाटणी आपण केली आहे. ही वाटणी मुळातच चुकीची आहे, कारण पट्टीवर दिसणारी गडबड हृदयाची आहे की काढण्यातली, हे बहुतेक वेळा रुग्णाकडे आणि कागदाकडे एकाच वेळी पाहणाऱ्या माणसालाच कळते.

आधी तारांविषयी लिहिते. हातापायांवर चार आणि छातीवर सहा असे दहा इलेक्ट्रोड लावून आपण बारा लीड, म्हणजे हृदयाच्या विजेचे बारा वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारे आलेख, मिळवतो : पहिले, दुसरे, तिसरे, एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ ही हातापायांची आणि व्ही-१ ते व्ही-६ ही छातीची. प्रत्येक ठोक्यात आधी वरच्या कप्प्यांचा छोटा पी तरंग, मग खालच्या कप्प्यांचा टोकदार क्यूआरएस (त्यातले वर जाणारे टोक म्हणजे आर तरंग) आणि शेवटी टी तरंग उमटतो. यंत्राला फक्त विद्युत्‌दाबातला फरक कळतो. कोणती तार कोणत्या हाताला लावली आहे, हे त्याला दिसत नाही. दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली की पहिले लीड पूर्ण उलटे येते, दुसरे आणि तिसरे एकमेकांच्या जागा घेतात आणि एव्हीआरमधला एरवी खाली जाणारा पी तरंग सरळ उभा राहतो. यंत्र त्यावर निःशंकपणे अक्ष, म्हणजे हृदयाच्या विजेची सरासरी दिशा, उजवीकडे सरकल्याचे किंवा जुन्या हार्ट अटॅकचे वाक्य छापू शकते. सरावलेल्या माणसाची नजर अशा वेळी आधी छातीच्या लीडांकडे जाते. हृदय खरोखरच उजव्या बाजूला असले तरी पहिले लीड असेच उलटे येते, पण तेव्हा व्ही-१ पासून व्ही-६ पर्यंत आर तरंग वाढत जाण्याऐवजी लहान होत जातो. तो नेहमीप्रमाणे वाढत असेल, तर हृदय जागेवर आहे आणि चूक तारांत आहे. उजवा हात आणि उजवा पाय यांच्या तारा बदलल्या, तर दुसरे लीड जवळजवळ सपाट रेषा होते, कारण ते मग दोन पायांमधला फरक मोजत असते. ही चूक निदान डोळ्यात भरते. डावा हात आणि डावा पाय यांची अदलाबदल मात्र फार फसवी असते. पट्टी इतकी साळसूद दिसते की जुना ईसीजी शेजारी ठेवल्याशिवाय, किंवा पहिल्या लीडमधला पी तरंग दुसऱ्यापेक्षा उंच कसा, असा प्रश्न कोणाला पडल्याशिवाय ती सापडत नाही. काही नवी यंत्रे तारांची अदलाबदल ओळखून सूचना देतात हे खरे आहे, पण सगळ्या अदलाबदली त्यांना सापडत नाहीत.

त्यात रंगांचा घोळ वेगळा. जगात तारांच्या रंगांच्या दोन पद्धती प्रचारात आहेत. एकीत लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला आणि काळी उजव्या पायाला लागते. दुसरीत पांढरी उजव्या हाताला, काळी डाव्या हाताला, लाल डाव्या पायाला आणि हिरवी उजव्या पायाला. म्हणजे काळी तार एका यंत्रावर उजव्या पायाची आणि दुसऱ्यावर डाव्या हाताची असते, आणि लाल तार एका यंत्रावर हाताची तर दुसऱ्यावर पायाची. ज्याने एकाच यंत्रावर एकदाच प्रात्यक्षिक पाहिले आहे, त्याच्या हातात दुसऱ्या पद्धतीचे यंत्र आले तर काय होईल, याचा विचार परिपत्रक लिहिताना झाला होता का?

छातीवरच्या इलेक्ट्रोडांचे काम याहून नाजूक आहे. व्ही-१ आणि व्ही-२ या जागा अंदाजाने सापडत नाहीत. गळ्याच्या खोबणीतून बोट खाली सरकवत छातीच्या मधल्या हाडावरचा आडवा उंचवटा शोधायचा, त्याला लागून असलेली दुसरी बरगडी पकडायची आणि तिथून फटी मोजत चौथ्या फटीपर्यंत उतरायचे. व्ही-४ पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून खाली येणाऱ्या रेषेवर लागते. व्ही-५ आणि व्ही-६ त्याच आडव्या पातळीत राहतात. फटीच्या वळणाबरोबर वर चढत नाहीत. घाईत व्ही-१ आणि व्ही-२ हमखास वर लागतात. तसे झाले की तिथला आर तरंग खुजा होतो आणि हृदयाच्या पुढच्या भिंतीला जुनी इजा असल्यासारखी पट्टी निघते, किंवा उजव्या बाजूच्या अपूर्ण ब्लॉकसारखा, म्हणजे विजेच्या वाटेत अडथळा असल्यासारखा, आकार उमटतो. व्ही-१ मधला पी तरंग पूर्णपणे खाली गेलेला दिसला की आम्ही आधी इलेक्ट्रोडच्या जागेवर संशय घेतो. ब्रुगाडा सिंड्रोम या लय अचानक बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराची शंका असेल तेव्हा डॉक्टर हेच इलेक्ट्रोड मुद्दाम वरच्या फटींत लावायला सांगतात, पण तेव्हा तसे पट्टीवर लिहिलेले असते. न लिहिता वर लावलेला इलेक्ट्रोड म्हणजे निव्वळ दिशाभूल होय.

स्त्री रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न जास्त गंभीर आहे आणि त्यावर कोणी उघडपणे बोलत नाही. व्ही-४ आणि त्यापुढचे इलेक्ट्रोड स्तनाच्या खाली, बरगडीला लागून बसवायचे असतात. त्यासाठी पडदा लागतो, दोन शब्द बोलून रुग्णाचा संकोच घालवावा लागतो, परवानगी घ्यावी लागते आणि अंगावर चादर ठेवून काम करण्याचे कसब लागते. नवखा कर्मचारी स्वतःच अवघडतो, हात आखडता घेतो आणि इलेक्ट्रोड जिथे सहज पोहोचेल तिथे चिकटवून मोकळा होतो. त्या अवघडलेपणाची किंमत मोजते ती पलंगावरची बाई, कारण तिच्या ईसीजीत नसलेला दोष दिसतो किंवा असलेला झाकला जातो. छातीवर जेली सरसकट फासण्याच्या सवयीचाही इथेच उल्लेख करते : शेजारच्या दोन इलेक्ट्रोडांखालची जेली एकमेकीला मिळाली, की ते दोन लीड एकसारखेच दिसू लागतात.

आता लयीच्या दोषांकडे येते, कारण यंत्राचा आणि माणसाचाही सर्वांत मोठा घोटाळा तिथे होतो. हा मुद्दा माझ्या घरापर्यंत आलेला आहे. माझ्या सासूबाईंना कंपवात आहे आणि त्यांचा उजवा हात स्वस्थ बसल्यावरही थरथरतो. दुसऱ्या एका रुग्णालयात किरकोळ कारणासाठी त्यांचा ईसीजी काढला गेला, यंत्राने त्यावर ‘एट्रियल फ्लटर’ असे छापले आणि त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन घरी आल्या. कंपवातातला कंप साधारणपणे सेकंदाला चार ते सहा वेळा होतो. सेकंदाला पाच म्हणजे मिनिटाला ३००, आणि फ्लटरमध्ये हृदयाचे वरचे कप्पेही मिनिटाला साधारण ३०० याच वेगाने चालतात. यंत्र फसले यात नवल नव्हते. पण तो कागद नीट पाहिल्यावर उलगडा लगेच होत होता. पहिल्या आणि दुसऱ्या लीडमध्ये करवतीच्या दात्यांसारख्या लाटा होत्या, तिसऱ्या लीडमध्ये एकही नव्हती. तिसरे लीड डावा हात आणि डावा पाय यांच्यातला फरक दाखवते. उजव्या हाताचा त्यात संबंधच येत नाही. खरा फ्लटर असता तर त्या लाटा दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ लीडमध्ये सर्वांत ठळक दिसायला हव्या होत्या. उलट तिसऱ्या लीडमध्ये प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एकसारखा, स्वच्छ पी तरंग उभा होता. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हाताचे इलेक्ट्रोड दंडावर खांद्याजवळ घेऊन आणि उजवा तळवा मांडीखाली दाबून ठेवायला सांगून ईसीजी पुन्हा काढवला, तेव्हा लय पूर्ण नियमित निघाली आणि गोळ्या थांबल्या. पहिला ईसीजी काढणाऱ्याने कागदाच्या कडेला ‘उजव्या हाताला कंप’ एवढे तीन शब्द लिहिले असते, तरी पुरे होते. ते लिहिण्यासाठी त्या हाताकडे पाहण्याची सवय असावी लागते, आणि ती सवय एका प्रात्यक्षिकातून येत नाही.

हा अपवादात्मक प्रसंग आहे असे आपण म्हणाल, म्हणून एक जुना दाखला देते. १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशा काही रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली होती, ज्यांच्या पट्टीवरची हालचालीची गडबड ही व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठणारी धोकादायक जलद लय, समजली गेली. त्यांतल्या काहींची हृदयात कॅथेटर घालून तपासणी झाली आणि एकाच्या शरीरात लय बिघडल्यास विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटरही बसवला गेला. मॉनिटरवर रुग्ण दात घासत असताना किंवा कूस बदलताना असे खोटे वादळ उठते, हे अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक परिचारिकेला ठाऊक आहे. ते खोटे आहे हे ओळखण्याची रीतही ठरलेली आहे. त्या रुंद, वेड्यावाकड्या लाटांमध्ये मूळ क्यूआरएसची बारीक टोके नियमित अंतराने डोकावताना दिसतात. वादळाच्या आधीचे दोन ठोक्यांमधले अंतर कंपासने घेऊन पुढे मोजत गेले, की टोके बरोबर त्याच जागी सापडतात. शेजारी ऑक्सिजन मोजणाऱ्या बोटाच्या क्लिपची लाट शांतपणे पूर्वीच्याच गतीने चालू असते. आणि रुग्ण आपल्याशी बोलत असतो, जरी केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण खऱ्या व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियातही काही रुग्ण काही काळ शुद्धीवर असतात. या तिन्ही खुणा यंत्राने छापलेल्या ओळीत येत नाहीत.

लांब लयपट्टी बंद करण्याच्या निर्णयाला मी कागद वाचवण्याची चुकीची जागा म्हणेन. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक लीडला अडीच सेकंद मिळतात. हृदयाची गती मिनिटाला ६० असेल, तर त्यात दोन-तीन ठोके मावतात. दोन-तीन ठोक्यांवरून लय कशी ठरवायची? वेंकेबाख प्रकारच्या ब्लॉकमध्ये पीपासून क्यूआरएसपर्यंतचे अंतर ठोक्यागणिक वाढत जाते आणि मग एक ठोका गळतो. हे वाढत जाणे दिसण्यासाठी सलग पट्टी लागते. कारेल वेंकेबाख यांनी हा प्रकार १८९९ साली, ईसीजीचे यंत्र प्रचारात येण्याआधी, नाडीच्या आलेखांवरून मांडला होता. त्यांच्यापुढे ईसीजी नव्हता, पण सलग आलेख होता. आपण ईसीजी ठेवून सलगपणाच काढून टाकला आहे. पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये वरचे आणि खालचे कप्पे आपापल्या गतीने चालतात, आणि पी तरंग क्यूआरएसची पर्वा न करता सरळ पुढे जात आहेत हे कळायला ते ओळीने मोजावे लागतात. एट्रियल फिब्रिलेशनमधली, म्हणजे वरचे कप्पे नुसते थरथरत असतानाची, अनियमितता आणि मधूनच येणाऱ्या आगंतुक ठोक्यांमुळे झालेली अनियमितता यांतला फरकही तिथेच कळतो, आणि या फरकावर रुग्णाला रक्त पातळ करणारे औषध आयुष्यभर घ्यावे लागेल की नाही, हे ठरू शकते. दहा सेकंदांच्या पट्टीवरचे क्यूआरएस मोजून सहाने गुणले की अनियमित लयीतही मिनिटाची गती निघते. ही साधी सोयसुद्धा आता गेली.

यंत्राच्या निष्कर्षाबद्दल मला आकस नाही. अंतरे मोजण्यात ते वेगवान आहे आणि थकत नाही. पण ‘नॉर्मल’ म्हणजे पाहण्याची गरज नाही, हे समीकरण मला मान्य नाही. गती १५० च्या आसपास आणि अगदी नियमित असेल, तर यंत्र अनेकदा ‘सायनस टॅकिकार्डिया’, म्हणजे नेहमीचीच लय पण जलद, असे म्हणून मोकळे होते. तो प्रत्यक्षात दर दुसरा ठोका खाली पोहोचणारा फ्लटर असू शकतो, ज्याची एक लाट टी तरंगात लपलेली असते. ताप उतरला, सलाईन गेले, वेदना थांबली, तरी १५० चे १५० च राहतात, ही त्याची खूण आहे, आणि ती एका कागदावर नसून रुग्णाच्या खाटेशी आहे. रक्तात पोटॅशियम वाढल्यावर टी तरंग इतके उंच होतात की यंत्र त्यांनाच ठोके समजून दुप्पट गती छापू शकते. ज्याचे बोट रुग्णाच्या मनगटावर आहे, त्याला हा घोटाळा क्षणात कळतो : कागदावर १४० आणि नाडीत ७०. परिपत्रकात नाडी पाहण्याचा उल्लेखच नाही. क्यूटी अंतर, म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी तरंगाच्या शेवटापर्यंतचा काळ, मोजताना टी तरंगाचा शेवट कुठे धरायचा, यातही यंत्राची चूक होते, आणि ते अंतर लांबवणारी औषधे घेत असलेल्या रुग्णांसाठी ती चूक महागात पडू शकते.

फिल्टरबद्दल थोडक्यातच लिहिते. वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असेल, तर तिचा व्यत्यय ईसीजीच्या कागदावरच्या एका मोठ्या चौकोनात दहा बारीक लाटा अशा मोजता येण्याजोग्या जाड रेषेत दिसतो. त्यावर पहिला उपाय म्हणजे सैल इलेक्ट्रोड, सुकलेली जेली आणि खाटेला टेकलेली विजेची वायर पाहणे. स्नायूंच्या थरथरीवर उपाय म्हणजे रुग्णाला पांघरूण देणे आणि हात सैल सोडायला सांगणे. हे न करता ४० हर्ट्झचा फिल्टर लावला, की थरथरीबरोबर क्यूआरएसमधल्या बारीक खाचा आणि पेसमेकरच्या अरुंद खुणाही पुसट होतात. आधाररेषा सरळ करणारा फिल्टर चुकीच्या मर्यादेवर लावला, तर एसटीचा, म्हणजे क्यूआरएस आणि टी तरंग यांमधला, भाग वर किंवा खाली सरकलेला दिसू शकतो, आणि छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या ईसीजीत डॉक्टर सर्वांत आधी तोच भाग पाहतात. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि सहयोगी संस्थांच्या २००७ च्या शिफारशींत फिल्टरची वरची मर्यादा किमान १५० हर्ट्झ आणि तान्ह्या बाळांसाठी २५० हर्ट्झ असावी असे म्हटले आहे. सुबक दिसणारी पट्टी खरी असतेच असे नाही. फिल्टर लावावाच लागला तर त्याचे कारण लिहावे. तो कायमचा चालू ठेवण्याचा आदेश कोणत्या वैद्यकीय आधारावर काढला, हे मला जाणून घ्यायचे आहे.

‘अपव्यया’च्या कलमाकडे मी मुद्दाम शेवटी वळते आहे, कारण वरच्या सगळ्या चुका सुधारण्याचा एकमेव मार्ग तेच कलम बंद करते. तारा चुकल्याचे लक्षात आले, तर त्या नीट लावून ईसीजी पुन्हा काढावा लागतो. आता ज्याच्या लक्षात येईल त्याच्या नावावर ठपका, आणि ज्याच्या लक्षात आलेच नाही त्याची पाटी कोरी. अशा हिशेबात चूक पाहूनही न पाहिल्यासारखे करणे शहाणपणाचे ठरेल, आणि सज्जन माणसेही हळूहळू तसे वागू लागतील. शिवाय पुन्हा काढणे हा कित्येकदा चुकीचा परिणाम नसून उपचाराचाच भाग असतो. हार्ट अटॅकची शंका असलेल्या रुग्णाचा पहिला ईसीजी सर्वसाधारण असू शकतो, म्हणूनच लक्षणे चालू असतील तर पहिल्या तासात १५ ते ३० मिनिटांच्या अंतराने तो पुन्हा काढावा असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हा दुसरा ईसीजी आपल्या नोंदवहीत कोणत्या रकान्यात जाणार?

परिपत्रकाच्या समर्थनार्थ वेळेचे कारण दिले आहे. छातीत दुखत असलेला रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हावा, हा निकष मला मान्य आहे आणि तो पाळलाच पाहिजे. परंतु तो निकष १० मिनिटांत काढून जाणकाराने पाहावा असा आहे. त्यातला पहिला अर्धा भाग घेऊन दुसरा सोडून देता येणार नाही. रात्री तंत्रज्ञ कमी पडतात, वॉर्ड लांब आहेत, परिचारिकांवर आधीच कामाचा भार आहे, या अडचणी खऱ्या आहेत. हे काम फक्त तंत्रज्ञांनीच करावे असा माझा हट्ट नाही. अनेक परिचारिका माझ्याइतकाच किंवा अधिक चांगला ईसीजी काढतात, पण त्यांना तो कोणीतरी सोबत उभे राहून, चुका दाखवत शिकवलेला आहे. आमच्या विभागाची शिकवण्याची तयारी आहे आणि ती आम्ही लेखी हरकतीतही कळवली होती.

मागण्या अशा आहेत. पुन्हा काढलेल्या ईसीजीला अपव्यय ठरवणारे कलम ताबडतोब रद्द करावे आणि आतापर्यंत झालेल्या नोंदी पुसून टाकाव्यात. यासाठी समिती नेमण्याची किंवा बैठकीची वाट पाहण्याची गरज नाही. यंत्राचा निष्कर्ष काहीही असो, प्रत्येक ईसीजी डॉक्टरांनी पाहून, वेळ घालून सही केल्याशिवाय रुग्णाच्या कागदपत्रांत अंतिम अहवाल म्हणून जाऊ नये. लांब लयपट्टी पूर्ववत छापावी. फिल्टर एरवी १५० हर्ट्झवर ठेवावा आणि बदलल्यास तसे पट्टीवर लिहावे.

जो कोणी ईसीजी काढणार असेल, त्याने आधी अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली रुग्णांवर काम करून आणि तारांच्या अदलाबदली, कंप, सैल इलेक्ट्रोड व खरे लयदोष असलेल्या पट्ट्या ओळखून दाखवाव्यात, आणि ही पारख ठरावीक काळाने पुन्हा व्हावी. सर्व वॉर्डांतील यंत्रांच्या तारा एकाच रंगपद्धतीच्या असाव्यात. तोवर प्रत्येक यंत्रावर त्याच्या रंगांचा तक्ता लावावा. प्रत्येक पट्टीवर रुग्णाचे नाव आणि वेळ यांबरोबर त्या क्षणी छातीत दुखत होते का, नाडी किती होती, कंप किंवा हालचाल होती का आणि इलेक्ट्रोड नेहमीच्या जागेवरून हलवले होते का, हे लिहिण्यासाठी जागा ठेवावी. हाताचे इलेक्ट्रोड धडावर लावले तर अक्ष बदलतो, ही गोष्टही त्याच जागेत नोंदवली जावी. स्त्री रुग्णांसाठी पडद्याची सोय आणि स्त्री कर्मचारी प्रत्येक पाळीत उपलब्ध असावी.

या मागण्यांवर आपण लेखी उत्तर द्यावे आणि ते वॉर्डांतही लावावे, अशी विनंती आहे. मंडळाने पुढच्या बैठकीत मला थोडा वेळ दिला, तर मी यंत्र घेऊन येईन. माझाच ईसीजी एकदा तारा बरोबर लावून आणि एकदा दोन्ही हातांच्या तारा बदलून आपल्यासमोर काढता येईल, आणि दोन्ही वेळी यंत्र काय छापते ते आपण स्वतः वाचावे.

आपली विश्वासू,
ईसीजी विभागातील एक तंत्रज्ञ